दुसऱ्या नंबरच्या विमलमावशी

विमलमावशी कधीच फाटकातून येत नसत. त्यांच्या आणि आमच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यावर कोपरं टेकवून त्या उभ्या राहत आणि कालपासून बोलणं चालूच असल्यासारखी सुरुवात करत, "तर मग तिनं काय करावं?" कोणी, कुठे, कधी, हे आपण मागून विचारून घ्यायचं.

परभणीत वसमत रस्त्याच्या आतल्या बाजूला चार रो-हाऊसची ती ओळ. दुसरं घर मावशींचं, तिसरं आम्ही भाड्यानं घेतलेलं. सोनपेठहून माझी बदली इथल्या शाळेत झाली, तेव्हा सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, राणीसावरगावला एकटं ठेवणं शक्य नव्हतं. त्यांचे गुडघे गेलेले. परवडणारे फ्लॅट बघितले, तर सगळे वरच्या मजल्यावर. स्वतंत्र घराचं भाडं ऐकून तर फाटकातूनच परत फिरलो. या रो-हाऊसला खाली झोपायची खोली होती आणि पुढे कोबा न केलेलं अंगण. मामंजी चप्पल काढून त्या अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "हेच घ्या."

मालक पुण्याला राहायचे, किल्ली मावशींकडे असायची. ती देण्याआधी त्यांनी आम्हाला उभं-आडवं न्याहाळलं. "रोज भांडताव का कधीमधी? भिंत एकच हाय, मला समदं ऐकू येतंय."

"कधीमधी," माझे मिस्टर घाबरून म्हणाले.

"मग ठीक हाय. अजिबात न भांडनाऱ्याचा मला भरवसा वाटत न्हाई."

मावशी एकट्याच होत्या. नवरा वारलेला, मुलगा प्रकाश बायकोसह हैदराबादला. त्याचा फोन आला की भिंतीपलीकडून आवाज चढायचा आणि फोन संपला की पुष्कळ वेळ काहीच ऐकू यायचं नाही. संध्याकाळी मात्र मामंजी भिंतीच्या अलीकडे खुर्ची टाकत, मावशी पलीकडे. कापूस, सोयाबीन, कोणाच्या पोरीचं कुठं जमलं, असं दिवेलागणीपर्यंत चालायचं. बायको गेल्यापासून हो-नाहीपलीकडे न बोललेला माणूस त्या भिंतीपाशी पुन्हा बोलायला लागला. दोन्ही गुडघे धरून हसायलाही लागला.

मी कधी 'आमचं काय, भाड्याचं घर' असं म्हटलं की मावशींना राग यायचा. "मालक तिकडं पुन्यात बसलाय. घर तर तुमीच जगवायलाव. कुठं जायचं न्हाई, सांगून ठेवते." त्यांच्याच सांगण्यावरून मालकांनी मामंजींसाठी पायरीजवळ लोखंडी कठडा बसवून दिला. ज्या माणसानं कठडा बसवून दिला, त्याच्या घरात आपण पुष्कळ वर्षं राहणार, असं आम्ही धरून चाललो.

मग मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. प्रकाशला सुट्टी मिळाली नाही. मी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर भिंत ओलांडून जायची आणि त्यांच्या डोळ्यात थेंब घालायची. त्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडत आणि म्हणत, "पोटच्या पोरीनं तरी आनखी काय केलं असतं गं?"

दिवाळी झाल्यावर एके दिवशी मालकांचा फोन आला. आवाजात आनंद होता. "अभिनंदन! फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणे. कधी जाताय, तेवढं कळलं तर बरं होईल."

"कुठला फ्लॅट?" मी विचारलं.

ते गोंधळले. "विमलमावशींनी सांगितलं मला, दिवाळीच्या बऱ्याच आधी. त्यांचा मुलगा परभणीला यायचाय. तुम्ही जाणारच आहात म्हणून मी त्याला घर दिलं. तो तिकडचं सगळं आवरून बसलाय. आता शब्द कसा फिरवू?"

दिवाळीच्या बऱ्याच आधी. म्हणजे मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होते, तेच दिवस.

मी पहिल्यांदाच त्यांच्या फाटकातून आत गेले. मावशी मेथी निवडत होत्या. माझ्याकडे बघून त्यांना कळलं. त्यांनी नाकारलं नाही.

"सुनेला माझ्यासंगं एका घरात ऱ्हायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "शेजारी घर मिळालं तरच येतो म्हनला प्रकाश. आत्ता आला न्हाई तर कधीच येत न्हाई."

"मग आम्हाला सांगायचं होतं."

"तुमी न्हाई म्हनला असताव."

"कदाचित हो म्हटलं असतं, मावशी."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "त्या कदाचितवर मी माझं पोरगं सोडू का?"

त्यांचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही, पण राग जात नाही. त्यांनी घर मागितलं असतं, हट्ट केला असता, रडल्या असत्या, तर मी ते समजून घेतलं असतं. पण त्या आमच्याशी रोज पूर्वीसारख्याच बोलत राहिल्या. 'कुठं जायचं न्हाई' हे त्या दिवाळीच्या फराळाचं ताट देतानाही म्हणाल्या होत्या.

मामंजींना सांगितलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मला म्हनायचं तरी. मीच तुमाला म्हनलो असतो, चला म्हनून."

आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेलो, पुन्हा भाड्यानंच. सामान हलवताना मावशी बाहेर आल्या नाहीत. मामंजी जिना उतरत ते फक्त दवाखान्यात जाण्यासाठी. बाकी वेळ ते गॅलरीत बसून असत आणि पुन्हा हो-नाहीवर आले. मावशींचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.

दोनेक वर्षांनी मावशी गेल्याचं कळलं. मामंजी म्हणाले, "मला घेऊन चल." मी नको म्हणत होते, पण ते जिन्याकडे निघालेसुद्धा.

बायकांना बसायला सतरंज्या तिसऱ्या नंबरात टाकल्या होत्या, मामंजी बाहेर पुरुषांत बसले. मी माझ्याच जुन्या हॉलमध्ये पाहुणीसारखी बसले. भिंतींना नवा रंग होता. प्रकाशची बायको शेजारी येऊन बसली. रडून तिचा चेहरा सुजला होता.

"आई तुमचं लय नाव काढायच्या," ती म्हणाली. "म्हणायच्या, बिचाऱ्यांनी फ्लॅट घेतला म्हणून तुला हे घर मिळालं. न्हाईतर त्यांनी सोडलं नसतं, लय जीव होता त्यांचा इथं."

तिच्या नजरेत खोट नव्हती. तिला तेवढंच माहीत होतं. मावशींनी खरं काय ते शेवटपर्यंत घरात कोणालाच सांगितलं नव्हतं, ज्या सुनेसाठी केलं तिलाही नाही. खरं ओठांवर आलं होतं. एवढ्या बायकांत ते मोठ्यानं बोलावं, असं क्षणभर फार वाटलं.

"कसा आहे तुमचा फ्लॅट?" तिनं विचारलं.

"चांगला आहे," मी म्हणाले, आणि मामंजींना उठवायला बाहेर आले.