बाटलीच्या तळाशी काच

"बाटलीत काच आहे म्हणतायत," फोन ठेवत हेलन म्हणाली.

हेलन माझी बॉस. लंडनच्या क्रॉयडन भागातल्या एका वाइन इम्पोर्टरच्या छोट्याशा लॅबमध्ये मी क्वालिटी कंट्रोल बघायचे. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट, कडाक्याच्या थंडीतली.

ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावरची पांढरी वाइन एका सुपरमार्केटने पहिल्यांदाच घेतली होती. गिऱ्हाइकांना तळाशी चकाकणारे खडे दिसले. सुपरमार्केटचा बायर सगळा माल परत पाठवायला निघाला होता. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट हवा होता.

वाइन करणारा निकोस स्वतः विमानाने आला. साठीचा माणूस, पहिलाच एक्सपोर्ट. लॅबमध्ये कोट न काढता बसून राहिला.

मला अंदाज होता. द्राक्षात टार्टारिक नावाचं आम्ल असतं. वाइन फार गारठली की त्याचा क्षार खड्यांसारखा तळाशी बसतो. निरुपद्रवी असतो. आमचं वेअरहाऊस तर बर्फासारखं. पण अंदाजावर रिपोर्ट लिहीत नाहीत. प्रत्येक बाटलीतले खडे गाळले, धुतले, कढत पाण्यात टाकले. काच विरघळत नाही. हे विरघळले.

मधल्या वेळात निकोसने फोटो दाखवले. बेटावर वारा इतका, की वेल जमिनीलगत टोपलीसारखा वळवतात. घड टोपलीच्या आत.

"आमच्या तासगावला वेल मांडवावर असतात," मी म्हटलं. "वडील दिवसभर वर बघून काम करायचे. मान धरायची."

"माझे वडील वाकून करायचे. पाठ धरायची," तो म्हणाला.

वडिलांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. इंग्लंडात बागेबद्दल मी कुणाशी बोललेच नव्हते. त्या दुपारी बरंच बोलले.

शुक्रवारी बायरने आमच्या लॅबमध्ये येऊन रिपोर्ट वाचला. "बरोबर असेल. पण गिऱ्हाइक रिपोर्ट वाचत नाही."

निकोस माझ्याकडे वळला. "तुझी खात्री आहे?"

"आहे."

त्याने बाटलीतले खडे तळहातावर घेतले, जिभेवर ठेवले आणि चावले. मग हात बायरपुढे धरला. बायरने हेलनकडे पाहिलं, नाइलाजाने एक कण उचलला.

"आंबट आहे," तो म्हणाला.

माल राहिला. खडे नैसर्गिक आहेत अशी लेबलं मात्र लावायला लागली. निकोस आणि मी दोन दिवस वेअरहाऊसमध्ये हातमोजे घालून ती चिकटवत होतो. एवढ्या थंडीत इतकी कधी हसल्याचं मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी निकोसने वाइन आधी टाकीतच थंड केली, खडे तिथेच बसवले आणि मग बाटल्या भरल्या. एकही तक्रार आली नाही. मी चाखली. स्वच्छ होती, पण खड्यांबरोबर थोडं आम्लही गेल्याने जिभेला लागणारी ती आंबट धार जरा बोथट झाली होती. मी 'ओके' लिहून सही केली. तक्रार नसणं आणि वाइन चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मवर रकाना फक्त पहिलीसाठी असतो.