सायकलला स्टँड आहे, स्टँडर्ड नाही

सायकलवाल्यांकडे एवढे किस्से का साठतात, याचं कारण मला सापडलंय. पंक्चर! गाडी पंक्चर झाली की माणूस फोन काढतो. सायकल पंक्चर झाली की सात माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहतात, त्यातला एक काम करतो आणि सहा बोलतात. आमच्या क्लबात काम करणारा बदलत नाही, बोलणारे बदलत नाहीत, फक्त गाव बदलतं. असे चंद्रपूरपासून सिरोंच्यापर्यंत किस्से सांडत आलोय आम्ही.

क्लबचं नाव सांगत नाही. त्यात 'एक्स्ट्रीम' हा शब्द आहे, एवढ्यावर काय ते ओळखा.

आमचे अध्यक्ष पाथरकर साहेब. सिमेंट कारखान्यातून मॅनेजर म्हणून रिटायर झाले, पण मॅनेजरपण काही रिटायर झालं नाही. मी सेक्रेटरी. एरवी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, क्लबात केळी आणि ओआरएस आणणारी. आणि तिसरे रामटेके भाऊ. वय साठ, काळी साधी सायकल, मागे कॅरिअर, पुढे घंटी. आमच्याबरोबर तीन वर्षांपासून चालवतात, पण मेंबर नाहीत. 'गेस्ट रायडर' आहेत!

कारण नियम पाच: ज्याच्या सायकलला गिअर नाही, तो गेस्ट समजला जाईल. गेस्टला जर्सी नाही. गेस्ट फोटोत नाही. आणि गेस्टनं सगळ्यांच्या मागे राहायचं. मागे राहण्याचा क्लबला फायदा असा, की कुणाचं पंक्चर झालं की रामटेके भाऊ आपोआप येऊन पोचतात.

मी एकदा राइडवर असताना साहेबांकडे त्यांचा विषय काढला. साहेबांनी भाऊंच्या सायकलकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, सायकलला स्टँड आहे हो, पण स्टँडर्ड नाही!"

स्वतःच्या विनोदावर ते जुनोन्याच्या तलावापर्यंत हसत होते. तलावाशी थांबलो तेव्हा आमच्या गिअरवाल्या सहाच्या सहा सायकली टेकवायला जागा शोधू लागलो. गिअरवाल्या सायकलींना स्टँड नसतो! शेवटी सगळ्या एकावर एक भाऊंच्या काळ्या सायकलवर रेलल्या. सगळ्यात वर साहेबांची.

* * *

मार्कंड्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. वैनगंगेच्या काठावरचं ते कोरीव देऊळ बघून साहेबांना इतिहास चढला. अर्धा तास शिल्पांवर बोलले. मग ग्रुप फोटो. गेस्ट फोटोत नाही, म्हणून फोटो गेस्टच काढणार! भाऊंनी साहेबांचा फोन हातात घेतला, नीट मागे गेले, गुडघ्यावर बसले, तीन-चार फोटो काढले.

घरी येऊन बघतो तर देऊळ कळसासकट पुरं आलेलं. एकेक मूर्ती मोजून घ्या. आणि खाली सहा जर्स्या, मुंडकी नाहीत!

साहेबांनी फोन करून विचारलं, "रामटेके, आमची डोकी कुठे गेली?"

"देऊळ पुरं आलं पाह्यजे ना साहेब," भाऊ म्हणाले. "डोके का, रोजच दिसते!"

* * *

आता हसण्यावारी नेण्यासारखं नाही, ते एक सांगते. त्याच मार्कंड्याच्या परतीच्या रस्त्यावर मी भाऊंना विचारलं होतं, की एवढं मागे मागे राहून तुम्ही येता तरी कशाला?

ते म्हणाले, "बाई, तीस वर्षं सायकलवर नोकरी केली. मस्टरवरची सही सोडली तर माझं नाव कुठीच नाई. तुमच्या त्या जर्सीवर मागं नाव असते ना? एकडाव पाठीवर नाव घेऊन सायकल चालवाची हाय. बस."

मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि तो अर्धा स्वतःचाच आला. नियम पाच रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे. साहेब सांगत गेले आणि मी वळणदार अक्षरात लिहीत गेले!

त्यानंतर सिरोंच्याची राइड ठरली. क्लबातली सगळ्यात अवघड. मी साहेबांकडून मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वदवून घ्यायला बघितलं, की भाऊंनी ही राइड पुरी केली तर त्यांच्या मेंबरशिपवर सिरोंच्यातच निर्णय घेऊ. "विचार करू," असं साहेब म्हणाले. मी रजिस्टरमध्ये 'निर्णय घेऊ' असं लिहिलं.

* * *

आष्टीच्या पुढे रस्ता लाल आहे. लोखंडाच्या खाणीचे ट्रक जातात, आणि ट्रक गेला की आपणही लाल. साहेब सगळ्यांच्या पुढे, त्यामुळे सगळ्यात जास्त लाल. कपाळ, मिशा, चष्मा, सगळं.

आलापल्लीच्या अलीकडे एका पाड्यावर पाणी प्यायला थांबलो. आम्हाला बघून पोरं जी पळाली, ती झाडामागे! एक म्हातारबाबा मात्र उठले, जवळ आले आणि डाव्या हाताचं बोट पुढे करून उभे राहिले.

साहेबांनी ते बोट प्रेमानं खाली केलं. "आजोबा, आम्ही मतदानवाले नाही. आम्ही सायकलवाले!"

म्हाताऱ्यानं साहेबांना बाजूला सारलं आणि ते बोट नेऊन भाऊंच्या पुढे धरलं. तेव्हा कुठे कळलं! भाऊ मलेरियाचे आरोग्यसेवक होते. घरोघर जाऊन बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि ती काच तपासायला पाठवायची. पोरं पळाली ती त्यांना घाबरून, आणि बाबा बोट घेऊन आले तेही त्यांनाच बघून.

"मी रिटायर झालो जी आता," भाऊ हसत म्हणाले. "सुई नाई माह्याकडे."

म्हातारबाबांनी साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग याले कोन पाहीन? केवढा लाल होऊन राह्यला! लई ताप दिसते याले."

* * *

दुसऱ्या दिवशी सिरोंच्याच्या वाटेवर एका घरी जेवणाची सोय झाली. तिकडे तेलुगू जास्त. वाढणारी बाई सगळी मराठी समजत नव्हती, पण भाताचं पातेलं भलंमोठं होतं आणि आम्ही भुकेनं कासावीस.

बाईनं साहेबांच्या पानात एक डाव भात घातला आणि विचारलं, "चाला?"

साहेब दचकले. एवढ्यात 'चला' म्हणते? मग सावरून, खानदानी हसू आणत म्हणाले, "चालू द्या, चालू द्या!"

बाईनं पातेलं उचललं आणि पुढच्या पानाकडे गेली.

साहेबांनी आवाज चढवला. "अहो, चालू! चालू!"

बाई आणखी दोन पानं लांब गेली. साहेब जितक्या मोठ्यानं 'चालू' म्हणत, तितकं पातेलं लांब जात होतं! इकडे रामटेके भाऊ शांतपणे "इंका कोंचेम" म्हणत होते आणि त्यांच्या पानात भाताचा डोंगर होत होता.

हात धुताना भाऊंनी मला सांगितलं. तेलुगूत 'इंका कोंचेम' म्हणजे 'आणखी थोडं', 'चाला?' म्हणजे 'पुरे का?' आणि 'चालु' म्हणजे 'पुरे!'

साहेबांच्या कानावर ते गेलं. "रामटेके! तुम्हाला माहीत होतं, तर बोलला का नाहीत?"

"मी गेस्ट आहो ना साहेब," भाऊ म्हणाले. "पाहुन्यानं पंगतीत बोलनं बरं दिसते का?"

* * *

पुढे वडधमला जीवाश्मांचं उद्यान आहे. झाडांचे दगड झालेले ओंडके तिथे जपून ठेवलेत. उपाशी माणसाला इतिहास जास्त चढतो, हे मला त्या दिवशी समजलं. साहेब एका ओंडक्यापुढे गुडघे टेकून बसले, सालीवरून हळुवार हात फिरवला आणि डोळे मिटले.

"विचार करा," ते म्हणाले. "मनुष्यप्राणी नव्हता, तेव्हा हे झाड उभं होतं. हा स्पर्श! हा स्पर्श खोटा असू शकत नाही."

आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरांनी व्हिडिओ काढला. तेवढ्यात तिथला रखवालदार आला आणि अदबीनं म्हणाला, "साहेब, खाली काऊन बसले? वरतं बसा ना. मागच्या उन्हाळ्यात लोकायले बसासाठीच बनवलं ते. सिमेंटचं हाय."

सिमेंट कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस!

* * *

आणि आता सिरोंचा. गाव थोडंच राहिलं होतं. एका चढावर साहेबांनी जोर लावता लावता गिअर टाकला आणि मागे 'कडाक्' झालं. गिअर बदलणारा डिरेलर तुटून चाकात अडकला. साहेबांची शुद्ध मराठी तिथल्या तिथे संपली. "अबे, काय झालं बे हे!"

नियमाप्रमाणे सगळ्यांच्या मागे असलेले भाऊ पोचले. वाकून बघितलं. "साहेब, हे गेलं. चेन लहान करून एकाच दातऱ्यावर बसवून देतो. सायकल चालन मस्त. फक्त गिअर राह्यनार नाई."

"काहीही करा, रामटेकेजी!" तीन वर्षांत पहिल्यांदा 'जी' आलं.

चेन तोडायचं हत्यार माझ्या पिशवीत होतं, घेतल्यापासून कोरं. भाऊंनी दहा मिनिटांत काम केलं आणि साहेब सिरोंच्यात सायकलवर बसून शिरले.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात मीटिंग. साहेबांनी आंघोळ केली होती, जेवले होते, पुन्हा मॅनेजर झाले होते. "रामटेकेंनी राइड पुरी केली, टाळ्या! पण मेंबरशिपचं म्हणाल, तर नियम पाच आडवा येतो. नियम म्हणजे नियम."

भाऊ पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिले. ते बघून माझं डोकंच फिरलं. मी रजिस्टर उघडलं आणि पोरांना शुद्धलेखन घालते तसा नियम पाच सावकाश वाचला. "ज्याच्या सायकलला गिअर नाही, तो गेस्ट समजला जाईल. त्यानं सगळ्यांच्या मागे राहावं."

मग विचारलं, "साहेब, उद्या सकाळी परत निघायचंय. तुमच्या सायकलला आता किती गिअर आहेत?"

सगळ्यांनी माना वळवून अंगणातल्या सायकलीकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरांना खोकला आला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नियम," ते म्हणाले, "काळानुसार बदलले पाहिजेत."

मी लगेच पेन दिलं. नियम पाच साहेबांच्या हातानं खोडला, एकमतानं! भाऊ मेंबर झाले. मी तिथेच जर्सीची ऑर्डर लिहायला घेतली. माप लिहिलं, नाव लिहिलं.

साहेबांनी शेवटचा सल्ला दिलाच. "रामटेके, पाठीवरचं नाव बारीक अक्षरात घ्या. आमच्या सगळ्यांचं तसंच आहे. स्टँडर्ड दिसतं."

"नाई साहेब," भाऊ म्हणाले. "माह्यं मोठ्या अक्षरात टाका."

"काऊन?"

"तुमाले मागून दुरून वाचता आलं पाह्यजे ना!"