थंड इंजिनाची नाडी

ज्या हातांनी जन्मभर यंत्रांची दुखणी ऐकली, त्या हातांना आधी नमस्कार करतो आणि मगच ही कथा सांगायला उभा राहतो.

हात आमच्या मामांचे. रुंद पंजाचे, आखूड बोटांचे, नखांच्या कडांना तेलाची बारीक काळी रेघ असलेले. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात दोनशे दहा शिवणयंत्रे होती आणि त्या सगळ्यांचे दुरुस्तीवाले मामा होते. इतर दुरुस्तीवाले आधी झाकण उघडत. मामा आधी तळहात टेकवत. यंत्राच्या फळीवर उजवा हात सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि शिवणाऱ्या बाईंना म्हणायचे, "चालू द्या." चार श्वासांत निदान. "सुई संध्याकाळपर्यंत टिकेल. बॉबिनचं घर उद्या बदलू." आणि सुई खरोखरच संध्याकाळी मोडायची! बायका त्यांना नाडीवैद्य म्हणत. चेष्टेत सुरुवात झाली, पण पुढे तेच त्यांचे नाव होऊन बसले.

तिसऱ्या रांगेतल्या सातव्या यंत्राने मात्र नाडीवैद्यांना दाद दिली नाही. ते आठवड्यातून तीनदा अडायचे. तळहात टेकवला की सुरळीत, हात उचलला की पुन्हा रुसवा. त्या यंत्रावर बसणाऱ्या बाई म्हणजे आमच्या मामी. "हिनेच दोरा सैल करून ठेवलेला असायचा," असे मामा आजही सांगतात. "काहीतरीच! हेच स्क्रू ढिला करून जायचे," असे मामी आजही सांगतात. लग्नाला अडतीस वर्षे झाली. खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही.

निवृत्त झाल्यावर माणसे बागेत फेऱ्या मारतात. मामांनी विमान मागवले! पाच लाकडी खोक्यांतून सुटे भाग आले, सोबत फोनबुकाएवढे जाड पुस्तक. घरी बसून जोडायचे, दोघांनी बसायचे, लहानसे विमान. पहिले वर्षभर डावा पंख बैठकीच्या खोलीत आडवा पसरला होता. आलेल्या माणसाला चहा द्यायचा तर मामी कप घेऊन पंखाखालून वाकून येत. शेजारचे गृहस्थ एकदा म्हणाले, "वहिनी, यांना पंख फुटले खरे, पण वाकावं तुम्हाला लागतंय."

मामी हसल्या नाहीत. त्यांनी पंखावरून हात फिरवला. लाकडी बरगड्या, वर ताणून बसवायचे कापड. कापड! शिवण! त्या दिवसापासून पंख मामींचे झाले. लांब सुई घेतली, मेणाचा दोरा घेतला. बरगडीच्या या बाजूने सुई घालायची, त्या बाजूने ओढायची, गाठ आवळायची; अडीच इंच सरकायचे, पुन्हा सुई, पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. दोन्ही पंखांना मिळून अकराशे बावीस गाठी. देवाचे नाव घ्यावे तशी एकेक गाठ त्यांनी घेतली. शेवटची गाठ मारून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "ऐका. तुम्ही आधी नियमाप्रमाणे एकट्याने जेवढे तास उडायचे तेवढे उडा. पण दुसऱ्या खुर्चीवर पहिली मी बसणार. माझ्या शिवणीवर मीच बसले नाही तर कोण बसेल?"

"बस की. तुझ्याशिवाय दुसरी खुर्ची कशाला केली मी?" मामा म्हणाले.

सहा वर्षांत सगळे झाले. पंख झाले, शेपूट झाली, चाके झाली, मामांचा वैमानिकाचा परवानाही झाला. फक्त नाकाच्या जागी नुसता सपाट पत्रा होता. इंजिन नव्हते. ते वापरलेलेच घ्यायचे होते, आणि जे घेऊ ते झाडांच्या शेंड्यावर असताना बंद पडून चालणार नव्हते. कारण त्याच्यामागे, दोन हातांच्या अंतरावर, मामी बसणार होत्या.

दोन इंजिने विकाऊ होती. एक होते विमान शिकवणाऱ्या शाळेचे. सतराशे तास उडालेले, काळवंडलेले, खालच्या सांध्यांना तेलाचा मऊ ओलावा. शाळेच्या नियमाने ठरावीक तासांनंतर इंजिन बदलावेच लागते, म्हणून काढलेले. मामांनी ते दाराशी उभे राहूनच पाहिले, नाक मुरडले आणि रुमालाला हात पुसले. हाताने त्याला स्पर्शही केला नव्हता, तरी पुसले!

दुसरे होते एका निवृत्त दंतवैद्यांकडे. आणि ते इंजिन, काय सांगावे, ते इंजिन म्हणजे आरसा! डॉक्टरांनाही कधीकाळी विमान जोडायचे होते. विमान राहून गेले, इंजिन मात्र राहिले. घरातल्या एका खोलीत, गालिच्यावर, लोकरीच्या पांघरुणाखाली अकरा वर्षे. उडालेले तास अवघे दोनशे दहा.

"दोनशे दहा!" मामा मामींच्या कानाशी कुजबुजले. "आपल्या यंत्रांइतकेच. खूण आहे ही."

"खूण कसली? आकडा आहे," मामी म्हणाल्या.

डॉक्टर मोठे अगत्याचे. गेल्या महिन्यात त्यांनी इंजिन अंगणातल्या लोखंडी चौकटीवर चढवले होते आणि रोज थोडे असे सहा-सात तास चालवले होते. त्या दिवशीही मामा-मामी दहा वाजता पोचण्याआधी त्यांनी ते अर्धा तास चालवून ठेवले होते. "पाहुण्यांपुढे थंड इंजिन कसं ठेवायचं?" हा त्यांचा शिष्टाचार. मग हवेचा दाब भरून चारही सिलिंडर तपासले. एकातूनही दाब गळेना. मग इंजिन सुरू झाले, आणि मामांनी चौकटीच्या दांड्यावर तळहात टेकवला. डोळे मिटले. एक श्वास, दोन, तीन, चार.

"लोणी आहे हो, लोणी!" मामा म्हणाले. "डॉक्टर, ठरलं. हे माझं."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. लाडाच्या लेकीला चांगले घर मिळावे, तसे त्यांना झाले. हातात हात दिला गेला. शब्द दिला गेला.

परतीच्या वाटेवर मामी खिडकीबाहेरच पाहत राहिल्या. मामांनी आरशातून पाहिले, खाकरले. "काय झालं? आवडलं नाही?"

"आवडलं. फार देखणं आहे."

"मग?"

"तुम्ही कारखान्यात किती वाजता यायचा?"

"हे काय आता मध्येच? दहाला. दुरुस्तीवाल्यांची पाळी दहाची."

"आणि मी सातला बसायचे. सातची पहिली शिवण कशी असते, तुम्हाला माहीत आहे?"

मामा चिडले. "मला? दोनशे दहा यंत्रांची नाडी पाहिली मी! या हाताने आजवर…"

"हाताला कोण काय म्हणतंय? तुमचा हात पडायचा तेव्हा यंत्र तीन तास चालून अंग मोकळं झालेलं असायचं. सगळी यंत्रं, सगळी वर्षं. उठल्या-उठल्या कसं कण्हतं ते तुम्ही कधी ऐकलंच नाही. ते आम्ही ऐकलं. आणि आज डॉक्टरांनी तुमच्यासाठी तापवूनच ठेवलं होतं."

मामांनी गाडी कडेला घेतली. उजवा तळहात मांडीवर उलटा करून कितीतरी वेळ पाहत बसले. जन्मभराचा विश्वास हो! एका वाक्याने त्याचे अर्धे आयुष्य कापून बाजूला ठेवले, आणि वाक्य खोटे म्हणायला जागा नाही.

"पण मी शब्द दिलाय," ते हळूच म्हणाले.

"शब्द मलाही दिलाय. दुसऱ्या खुर्चीचा."

मामा गदगदा हसले. "तू वकील व्हायला हवी होतीस."

"झाले असते, तर तुमचा स्क्रूचा खटला केव्हाच जिंकले असते."

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला दोघे डॉक्टरांच्या दारात. मामींच्या पिशवीत पांढऱ्या कापडाचा तुकडा होता आणि नालाच्या आकाराचे एक जुने लोहचुंबक. कारखान्यात पाळी संपली की जमिनीवर सांडलेल्या टाचण्या त्यानेच वेचायच्या. कापडात एक टाचणी राहिली तर लहान लेकराच्या अंगाला टोचेल, म्हणून मामी घडीन्‌घडीवरून चुंबक फिरवत. मामांनी डॉक्टरांना सगळे खरे सांगितले. शब्द दिला तोही आठवतो, शंका आली तीही लपवत नाही.

डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्या मंडळी त्यात बसणार. बघा, पोटभर बघा."

इंजिन थंड होते. सुरू केले. मामांचा तळहात दांड्यावर. या वेळी मात्र चार श्वासांवर थांबले नाहीत, चाळीस मोजले. लोण्याच्या आत कुठेतरी वाळूचा एक कण होता. अगदी खोल, आणि यंत्र तापू लागताच दडून बसणारा.

"तेलाची गाळणी उघडू," मामा म्हणाले.

गाळणीचा पत्रा डॉक्टरांनी आपल्या दंतवैद्यकीच्या बारीक चकतीने असा अलगद कापला की मामांनी मनोमन दाद दिली. आतला चुणीदार कागद मामींनी पांढऱ्या कापडावर उलगडला. परकराच्या चुण्या उलगडाव्यात तसा, एकेक घडी सरळ करत. मग चुंबक फिरवले. पहिल्या घडीत काही नाही. दुसऱ्या घडीत काही नाही. तिसऱ्या घडीवर चुंबक आले आणि चुंबकाच्या टोकाला सूर्य उगवला! बारीक, चपट्या, लखलखत्या कपच्या. मासोळीच्या खवल्यांसारख्या. पोलादाच्या.

मामांनी पाना उचलला.

मग एक सिलिंडर उतरवला. आत झडपा उघडणारा-मिटणारा जो दांडा असतो, तो पाहायचा होता आणि तिथे डोळा पोचेना. डॉक्टर आत गेले आणि दात तपासण्याचा चिमुकला आरसा घेऊन आले. विजेरी धरली, आरसा आत घातला, सवयीने म्हणाले, "आ करा." कोणाला हसू आले नाही. त्यांनाही नाही. बराच वेळ त्यांनी पाहिले. मग आरसा पुसला आणि म्हणाले, "कीड लागलीय. दांड्याच्या उंचवट्यांना खड्डे पडलेत. मी सात तास चालवलं, तेवढ्यात झिजायला लागलंय." आणि मग अगदी लहान आवाजात, "मी तर किती जपलं होतं. रोज पुसत होतो."

"बाहेरून पुसत होता, डॉक्टर," मामी मायेने म्हणाल्या. "आत तेल फिरलं नाही, हवेतला दमटपणा बसला. तुमचा दोष नाही."

माउलींनो, त्या माणसाचे प्रेम खोटे नव्हते. पण ज्याला आकाशात धावायचे होते त्याला त्याने पांघरुणाखाली निजवले होते, आणि गंज हा फार शांत पाहुणा असतो. पांघरुणाआड येतो.

मामांनी आपला तळहात पुढे केला. "फसलो मी, डॉक्टर. हा हात फसला."

"हात फसला नाही," मामी म्हणाल्या. "काल त्याला अर्धाच प्रश्न विचारला होता."

आता उरले ते काळवंडलेले, शाळेतले. शाळेच्या मुख्य मेकॅनिक पन्नाशीच्या बाई होत्या, कानामागे पेन्सिल, कपाळावर ग्रीसचा टिळा. मामांना पाहून म्हणाल्या, "तुम्हीच ना ते, दारातून परत गेलेले? हात पुसत?"

"मीच. आज हात टेकवायला आलोय," मामा म्हणाले. "पण सकाळी सातला हवंय. थंड."

बाईंनी भुवया उंचावल्या. "पहिलं गिऱ्हाईक, ज्याने थंड मागितलं. बाकीचे म्हणतात, तापवून ठेवा."

आणि सकाळी सातला चौकटीवर चढवलेले ते इंजिन सुरू झाले तेव्हा खोकले, धडपडले, थरथरले, म्हाताऱ्याने कूस बदलावी तसे कुरकुरले. मामांचा तळहात टेकलेला. थंडपासून कोमटपर्यंत, कोमटपासून ऊनपर्यंत, पुरती बारा मिनिटे. खोकला ओसरला. थरथर जुळत गेली. आणि जे कुरकुरत होते ते लपून राहिले नाही, उघडपणे सांगून मग थांबले. मामांनी डोळे उघडले. "तिसरा सिलिंडर दमलाय."

बाईंनी नोंदवही पुढे केली. पान न्‌ पान भरलेले. कोणत्या दिवशी किती उडाले, तेल केव्हा बदलले, कोणी बदलले. लागोपाठ चार दिवस ते कधी उभे राहिले नव्हते. शेवटच्या पानावर बाईंच्या अक्षरात होते : 'तिसऱ्या सिलिंडरचा दाब थोडा कमी.' मामा ते वाचून लहान मुलासारखे हसले. गाळणी उघडली, कापड पसरले, मामींनी घडीन्‌घडीवरून चुंबक फिरवले. शेवटची घडी झाली. चुंबकाचे टोक कोरडे, स्वच्छ, रिकामे.

"तिसऱ्याला मी बघतो," मामा म्हणाले. "मी आणि डॉक्टर."

डॉक्टरांना घरी बोलावले होतेच. सहा आठवडे ते रोज यायचे. तिसरा सिलिंडर उतरवला, झडपा घासल्या, पिस्टनच्या कड्या बदलल्या. दातांवर चालणारा तो हलका हात! डॉक्टरांचे आपले इंजिनही मामांच्या मागच्या ओट्यावर सुटे होऊन पडले, नव्या दांड्याची वाट पाहत. "आता मात्र पांघरूण नको हं," मामी बजावत, आणि डॉक्टर मान डोलवत.

नाकाच्या जागी इंजिन चढले. मामांनी एकट्याने ठरलेले तास विमान उडवले, दर वेळी सातला, दर वेळी थंड इंजिनावर आधी हात. मग एका स्वच्छ सकाळी मामी दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. पट्टा आवळला, पिशवी मांडीवर घेतली. इंजिन खोकले, जुळले, गाऊ लागले. मामा समोरच्या तबकड्यांकडे पाहतात तर होकायंत्राचा काटा वेड्यासारखा गरगरतोय!

"अगं, पिशवीत काय आहे?"

"काय म्हणजे? चुंबक."

"अगं माझे आई, होकायंत्राशेजारी चुंबक? आपण पोचू कुठे?"

"ते असल्याशिवाय मी कुठं गेलेय का?" पण मामींनी खिडकी उघडली, आणि धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या हातात ते नालाकृती लोखंड दिले. "धरा. हरवू नका. अर्ध्या तासात येतो."

काटा हलला, डुलला आणि आपल्या दिशेवर स्थिरावला. चाके जमिनीवरून सुटली. अकराशे बावीस गाठींनी वारा धरला. खाली डॉक्टर दोन्ही हातांत चुंबक छातीशी धरून, मान वर करून उभे होते, आणि इंजिनाचा आवाज लहान होत गेला तरी एकसारखा, अखंड येत होता.

ज्याने वारा केला आणि ज्याने हात केले, त्याच्या पायाशी ही कथा उतरवून ठेवतो.