उजव्या खांद्यावरचा पदर

साताऱ्याच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हा मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि डब्यात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, एकच पोस्टकार्ड. शेजारच्या बाईंनी विचारलं, लाडू का? मी म्हटलं, कार्ड आहे. मग कुणाचं लग्न, हे आलंच. शंभरेक वर्षांपूर्वीचं चित्राचं पोस्टकार्ड आहे आणि त्यातली गल्ली शोधायला मी मुंबईला निघालेय, असं सांगितलं असतं तर त्यांनी जागा बदलून घेतली असती. मी "भाचीचं" म्हणून मोकळी झाले.

जुनी पोस्टकार्डं ऑनलाइन विकणं हा माझा धंदा. नवऱ्याच्या मते छंद, पण घरात जागा व्यापतो म्हणून त्याला धंदा म्हणायचं. जुन्या बाजारातून किंवा कुणाच्या माळ्यावरून निघालेले गठ्ठे घ्यायचे, एकेक कार्ड भिंगाखाली धरून ते कुठलं, केव्हाचं हे ठरवायचं आणि मग फोटो काढून लिलावाला लावायचं. सगळ्यात किचकट काम किंमत ठरवण्याचं. लोक काय मागतात हे बघून भागत नाही. मागायला कुणाच्या बापाचं काय जातं? तसलं कार्ड शेवटी खरोखर कितीला गेलं ते शोधावं लागतं. कोपरा दुमडलेला असला की भाव उतरतो, आणि जागेचं नाव पक्कं असलं की चढतो.

या कार्डावर नाव होतं. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत 'गिरगावातील रस्ता' असं छापलेलं. चित्रात एक दुमजली घर, लाकडी कठड्याचा व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना, त्याच्या पायऱ्यांवर आणि आसपास तीन बायका. शेजारी चौथऱ्यावर क्रूस, मागे ताडाची झाडं, रस्त्यात एक बैलगाडी. हातानं रंगवलेलं, आभाळ असं गुलाबी की मुंबईत कुणी कधी पाहिलं नसेल. ही कार्डं तेव्हा परदेशात छापून यायची, आणि रंगवणाऱ्यानं मुंबई थोडीच पाहिलेली असायची.

मी ते गिरगाव म्हणून लावलं. पुण्याच्या एका गृहस्थांनी लगेच चढी बोली लावली. ते फक्त गिरगावची कार्डं जमवतात आणि किमतीला मागेपुढे पाहत नाहीत. मी खूश होते. तेवढ्यात परळहून जेनेट नावाच्या मुलीचा निरोप आला. तिची आत्या, मार्था आँटी, लहानपणी परळच्या एका वाडीत राहायची. ते घर पाडून कैक वर्षं झाली आणि त्याचा एकही फोटो घरात नाही. जेनेटनं माझं कार्ड मोबाइलवर मोठं करून दाखवलं, तर आत्या म्हणाली, घर आमचं वाटतंय, पण काहीतरी चुकतंय. आत्याची नजर जात चालली होती. "कार्ड विकत नकोय," जेनेटनं लिहिलं होतं, "तिला फक्त एवढंच कळायला हवंय की ते आमचं घर आहे का नाही. दिसतंय तोवर."

मी दोन वेळा उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं. गिरगाव छापलंय म्हणजे गिरगाव, असं कळवून टाकणं सोपं होतं, आणि पुण्याची बोली पदरात पडली असती. पण एकदा शंका आली की मला चैन पडत नाही. हा माझा स्वभाव घरच्यांना पुरेपूर ठाऊक आहे. लिलाव रविवारी संध्याकाळी संपणार होता. त्याच्या आत त्या बाईला हो किंवा नाही सांगायचं, असं ठरवून मी शनिवारी पहाटे निघाले.

दादरला उतरले. फुलांचा बाजार ओसरत आला होता. पायाखाली झेंडूचा चिखल झालेला. एका जुन्या उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पियूष (श्रीखंड-ताकाचं घट्टसर पेय) घेतलं. गर्दीत टेबल वाटून घ्यावं लागलं. समोरच्या काकांनी आपला पेला सरकवला तो थेट माझ्या डब्यावर कलंडला. मी असा काही डबा उचलला की त्यांना वाटलं आत सोनं आहे. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं, पण डब्याला पुढचा दिवसभर केशराचा वास येत राहिला.

बसनं गिरगावात गेले. एक एक वाडी बघत सुटले. लाकडी जिने, व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे, जुन्या घरांच्या डोक्यावर वाकून बघणारे नवे टॉवर. क्रूसही दोन-तीन सापडले, पण कुठल्याच क्रूसाशेजारी तसलं घर बसेना. एका वाडीत मी मोबाइल काढून फोटो घेतला आणि वरून आवाज आला.

"ओ मॅडम, कुठल्या बिल्डरकडनं आलात?"

मी वर पाहिलं तर बनियनमधले एक आजोबा कठड्यावर ओणवून उभे. मी बिल्डरची नाही हे पटवायला मला डबा उघडून कार्ड दाखवावं लागलं. ते खाली आले, चष्मा पुसून कार्ड पाहिलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. पाचेक मिनिटांत माझ्याभोवती सभा भरली. एक म्हणाला, ही आमचीच वाडी, हा जिना पाडला तेव्हा मी होतो. दुसऱ्याच्या मते ती पलीकडची वाडी, फक्त फोटो मागच्या बाजूनं घेतलाय. तिसऱ्या बाईंना पायरीवरची बाई थेट आपल्या सासूसारखी वाटत होती. प्रत्येकाला ते घर आपलं असायला हवं होतं. मला त्यांचा राग आला नाही. साताऱ्यात बसून मीही तेच केलं होतं. फक्त माझं कारण पैशाचं होतं.

चपलेचा अंगठा तुटला, तो पिनेनं जोडून मी परळला गेले.

आँटींची जुनी वाडी होती त्याच जागी आता सात मजली इमारत आहे आणि त्यात वाडीतल्या घरांना खोल्या मिळाल्यात. दार जेनेटनं उघडलं. आँटी खिडकीशी गाऊनमध्ये बसल्या होत्या, खांद्यावर टॉवेल. त्यांनी मला पाहायला मान वळवली ती माझ्या अंगावरून दुसरीकडेच. मग माझ्या लक्षात आलं, त्यांना समोरचं दिसत नाही. डोळ्यांच्या मधोमध डाग वाढत होता आणि जे काही दिसायचं ते कडेनं. पहिल्यांदा जेवण झालं. घरात शिरलेल्या माणसाला काम आधी सांगू द्यायचं नाही, अशी त्या घरची रीत असावी. बोंबलाचं कालवण आणि फुगे (पीठ आंबवून तळलेले पोकळ गोळे). मी चार खाल्ले आणि पाचवा वाढण्यात आला.

मग मी कार्ड काढलं. आँटींनी ते कडेनं, तिरपं धरून पाहिलं. व्हरांड्याच्या कठड्याची नक्षी त्यांनी बोटानं हवेत काढून दाखवली, तीच होती. खुरीस (वाटेवरचा क्रूस) तोच, दिवा ठेवायच्या कोनाड्यासकट. पण खुरिसाकडे तोंड केलं की घर डाव्या हाताला होतं, असं त्या ठामपणे म्हणत होत्या, आणि कार्डात ते उजव्या हाताला होतं. जिनासुद्धा नको त्या टोकाला. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत आठवण इकडची तिकडे होऊ शकते. हे बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं.

"मी तिथं वीस वर्षं उतरले-चढले, बाय," आँटी म्हणाल्या. "पायाला विसरायला नाय होत. पण कार्ड खोटं कसं बोलेल? मग नसेल आमचं."

त्यांनी कार्ड माझ्याकडे परत केलं. तेवढ्यावर उत्तर मिळालं होतं. पुण्याच्या गृहस्थांना कळवून मी सुखानं परतू शकत होते. पण त्या बाईचा चेहरा बघून मला उठवेना. मी म्हटलं, आँटी, तुम्हाला नीट दिसत नाही तर मी चित्रातलं एकेक सांगते, तुम्ही फक्त ऐका. आणि मी सांगत गेले. पायरीवर एक बाई, नऊवारी, उजव्या खांद्यावर पदर. जिन्याखाली दुसरी, हातात टोपली, तिचाही उजव्या खांद्यावर पदर. बैलगाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं...

"थांब," आँटी म्हणाल्या. "कुठल्या खांद्यावर?"

"उजव्या."

"तिघींच्या पण?"

मी भिंग लावून पाहिलं. तिघींच्या. गुजराती असतील म्हणून मी कधी लक्षच दिलं नव्हतं; गिरगाव म्हटलं की ते बसूनही जात होतं. आँटींनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि उजव्या खांद्यावर टाकून बघितला, मग डाव्यावर. "गुजराती बायका पदर मागून पुढं आणतात, तो समोर दिसतो. हिचा बघ, मागं गेलाय का पुढं आलाय?"

मागं गेला होता. म्हणजे पदर आपल्याच पद्धतीचा, फक्त खांदा चुकीचा. आमच्या ख्रिस्ती घरांतही नऊवारीच, आणि कुणी पदर उजव्या खांद्यावर टाकला तर आजी परत नेसवायची, असं आँटी हसत म्हणाल्या. मला मात्र हसू येईना. एवढी वर्षं या धंद्यात काढून मला हे सुचू नये! तेव्हा फोटोची निगेटिव्ह काचेची असे. काच छापायला लावताना बाजू चुकली की डावं ते उजवं होतं. पाटी असती तर अक्षरं उलटी दिसली असती, पण या चित्रात एकही पाटी नव्हती. ज्यानं काच उलटी लावली त्यानं पदर कुठल्या खांद्यावर हवा हे कुठून ओळखावं? आणि ज्याच्या हातून काच उलटते, त्याच्या हातून खालचं नावही दुसऱ्या चित्राचं लागू शकतं.

मी मोबाइलवर कार्डाचा फोटो काढला आणि आरशातल्यासारखा आडवा उलटवला. घर डावीकडे गेलं. जिना दुसऱ्या टोकाला आला. बैलगाडी रस्त्याच्या डाव्या बाजूला, जिथं ती असायला हवी. तिन्ही बायकांचे पदर डाव्या खांद्यावर. जेनेटनं फोन आँटींच्या डोळ्याच्या कडेला धरला. त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग टॉवेल डोळ्यांना लावला.

मोबाइलवर एवढंसं चित्र त्यांना कितीसं दिसणार? मी तशीच लालबागला गेले. फोटो छापून देणारं दुकान मसाल्याच्या गल्लीला लागून होतं. डंकांवर मिरची कुटली जात होती. मी डबा छातीशी धरून शिंकत शिंकत पोचले. दुकानदारानं फोटो उलटा करून, मोठ्यात मोठा छापायचा म्हटल्यावर कपाळाला हात लावला. "मॅडम, खालचं नाव पण उलटं येणार, वाचता नाय येणार."

मी पाहिलं. गिरगावचं नाव खरंच उलटं झालं होतं. "ती ओळ कापून टाका," मी म्हटलं, "तेवढीच खोटी आहे." त्यानं चित्र छापलं आणि तो कात्री घेऊन बसला.

परत परळला आले तेव्हा ऊन उतरलं होतं. जेनेटनं छापलेलं चित्र खिडकीशी धरलं. आँटींनी आधी कडेनं पाहिलं, मग पायरीवरच्या बाईवर बोट ठेवलं.

"डावा," त्या म्हणाल्या. "बरोबर."

मी विचारलं, ही कोण असेल? ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं चित्र ते. पण आपलीच कुणीतरी, असं म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि घरात शिरल्या. जिन्याखाली कोंबड्यांची खुराडी. वर गेलं की डाव्या खिडकीत आई तांदूळ निवडायची, उजवीकडे पाहुण्यांची खोली, तिथं मुलांना जायला बंदी. कठड्याच्या कोपऱ्यात एक फळी सैल, तिच्यावर पाय पडला की आजीला कळायचं कोण आलं. बोलता बोलता बोट चित्रावर फिरत होतं आणि डोळे मिटलेले असूनही ते एकदाही चुकलं नाही. मी बघत राहिले. माझे डोळे उघडे असून मी ते चित्र महिनाभर चुकीचं पाहत होते.

रविवारी परतीच्या एसटीत मी लिलावाच्या पानावर दुरुस्ती केली: घर परळचं, छापताना उलटलेलं, खालचं नाव चुकीचं. पुण्याच्या गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे बोली मागे घेतली. संग्रह गिरगावचा आहे म्हणाले, नाइलाज आहे. शेवटी कार्ड अगदी साध्या किमतीला नाशिकच्या कुणीतरी घेतलं. वाईट वाटलं. वाटलं नाही म्हणणं खोटं होईल. नवऱ्यानं विचारलं, एवढं फिरून मिळवलंस काय? मी म्हटलं, पत्ता.

आता नवीन गठ्ठा आला की मी आधी माणसांचे खांदे बघते, मग नाव वाचते. जेनेटचा परवा निरोप आला. आँटींना आता ते चित्र कडेनंही दिसत नाही. ते भिंतीवर आहे आणि कुणी घरी आलं की त्या त्याला चित्रासमोर उभं करतात, स्वतः पाठमोऱ्या बसतात आणि घर दाखवायला सुरुवात करतात.