नाव न घेतलेली वाट

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. हे सगळीकडेच आहे, पण पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत ते जरा जास्तच कडक. महाडच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हाही एकदा तोंडातून 'जातो' निघालं, तर आईने मला उंबऱ्यातून परत आत घेतलं, पाणी पाजलं आणि 'येतो' वदवून घेऊनच सोडलं. तेव्हा मला हे फार गोड वाटायचं. वर्गात मुलांना कौतुकाने सांगायचो, की बघा, आपली भाषा माणसाला जाऊच देत नाही. आता हे वाक्य आठवलं की माझी मलाच चीड येते.

शब्दांची कुळी काढणं हे माझं व्यसन. गावाच्या नावातलं 'बुद्रुक' म्हणजे फारसीतलं 'बुजुर्ग', थोरलं, आणि 'खुर्द' म्हणजे धाकटं, हे मला महाडच्या बाजारात भांडी विकणाऱ्या एका चाचांनी सांगितलं. ते उर्दू शाळेत शिकलेले, पुढे आखातात राहून आलेले. "मास्तर, गाव तुमचा, नाव आमचा," म्हणून हसायचे. तेव्हापासून भेटेल त्याला मी ते ऐकवत सुटलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पाच-सहा वर्षांपूर्वी गावच्या पायवाटांची नोंद करायला दोन माणसं नकाशा घेऊन वाडीत आली. यादीत येईल ती वाट गावाची, ती पुढे कोणाला अडवता येणार नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. दुपारपासून सगळी वाडी देवळात जमली. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं आणि मला ऊत आला. उरफोडी, कारण चढताना छाती फुटते. ताकवाट, कारण धनगरणी ताकाची मडकी घेऊन तिथून उतरायच्या. एकविडीची वाट, कारण पेटवलेली विडी संपेस्तोवर माणूस वरच्या वाडीत पोचतो. एकेका नावाची मी कथा लावली, पाहुणे माना डोलवत होते, चहा दोनदा झाला. अकरा वाटा लिहून झाल्या, तेव्हा तिन्हीसांज होत आली होती. खाली सह्या-अंगठे झाले.

बारावी वाट कोणी सांगितलीच नाही. ती वाडीखालून नदीकडे उतरते आणि तिच्यावरून फक्त मढं जातं. मध्यावर एक सपाट दगड आहे, तो विसावा. तिथे तिरडी टेकवायची, पुढचे खांदेकरी मागे, मागचे पुढे, आणि मग स्मशान. असा विसावा उमरठकडे आहे, शिवथरच्या खोऱ्यात आहे, वाडीवाडीला आहे. नाव सगळीकडे एकच, कारण काम एकच. पण जित्या माणसाने उगाच त्या वाटेचं नाव काढायचं नाही, आणि दिवेलागणीला देवळात बसून तर नाहीच नाही. देवळातल्या प्रत्येकाचा बाप-आजा त्या वाटेने गेलेला. सगळे गप्प बसले. सगळ्यात बोलका मी, मीही गप्प बसलो.

घरी परतताना आई म्हणाली, "येक लिवायची हाय रे अजून."

"कुठली?"

"ती." तिने नदीच्या अंगाला नुसती मान केली.

मला लगेच कळलं. पाहुणे अजून देवळातच होते, पन्नास पावलं मागे जायचं होतं. पण नुकतंच माझं एवढं कौतुक झालेलं, त्यात हे अभद्र नाव कुठे काढत बसू? मी ऐटीत म्हणालो, "ती कोण अडवतंय?" शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा असा ऐटबाज असतो.

दोन वर्षांत वाडीखालची जमीन मुंबईच्या कोणीतरी घेतली. आधी तारेचं कुंपण आलं, मग भिंत, मग लोखंडी फाटक. वाडी भांडायला गेली, तर त्याने यादीची नक्कलच पुढे केली. अकरा वाटा, सुवाच्य अक्षरात. तो खोटं बोलत नव्हता, याचाच मला जास्त राग आला. आम्ही अर्ज केला, तो कुठल्या टेबलावर पडलाय देव जाणे.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "माजं काय नाय रे. पन तुजे बाबा त्या दगडावर टेकलेले. मला पन तिथंच टेकवा."

मी हो म्हणालो.

गेल्या मार्गशीर्षात ती गेली. सकाळीच फाटकावर माणूस पाठवला होता, पण मालकाचा फोन लागत नव्हता. तरी आम्ही निघालो. तिरडी समोर आल्यावर कोण अडवेल, असंच सगळ्यांना वाटत होतं. राखणदाराने अडवलं. परमुलखातला गरीब माणूस, हात जोडून रडकुंडीला आलेला. "साहब, मेरी नौकरी जाएगी," एवढंच म्हणत राहिला. वाडीतली पोरं कुलूप फोडायला पुढे झाली, मीच त्यांना थांबवलं. मयताच्या वेळी मारामारी नको, असं तोंडाने म्हणालो. खरं म्हणजे त्या कुलपापुढे मला तोंडच नव्हतं. आता सडकेवरून टेम्पोने वळसा घालायचा, आणि सडकेला जायचं तर परत वाडीतूनच.

उचललेली तिरडी मागे फिरवत नाहीत. आम्ही फिरवली. विस्तवाचं मडकं धरून मी पुढे आणि माझ्यामागे आई, निघाली त्याच रस्त्याने उलटी. घरासमोर आलो तेव्हा बायका अंगण धूत होत्या, मढं गेल्यावर धुतात तसं. आमच्याकडे बघून चुलतीच्या हातातला खराटा गळाला. दोघी जावांचा जन्म एका चुलीपुढे गेलेला. ती तिरडीलाच विचारू लागली, "का गो फिरलीस? काय ऱ्हायलं गो तुजं?"

आईचं काहीच राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते माझं. चुलतीला तेवढं सांगायची माझी छाती झाली नाही. मी मान खाली घालून सडकेकडे चालत राहिलो.