फोटोवाला संघ

क्यूबातला एक जुना बेसबॉल संघ कसा संपला, ते परवा मोबाइलवर वाचलं. तिथल्या सरकारनं खेळाडूंनी पैसे घेऊन खेळण्यावरच बंदी घातली. तरी तिथले म्हातारे अजून त्या संघाच्या सामन्यांवरून भांडतात म्हणे. मला हसू आलं. आमच्या गावचा क्रिकेट संघ बुडवायला सरकार लागलं नाही. निवडणुकीआधी एका पुढाऱ्यानं टी-शर्ट वाटले. त्यावर ना खेळाडूचं नाव, ना नंबर. पुढून-मागून ह्याचाच हात जोडलेला फोटो. जिंतूरला सामना होता, त्या दिवशी आमचे शूरवीर मैदान सोडून त्याच्या मिरवणुकीत नाचले. निवडणूक झाली, पुढाऱ्यानं फोन उचलणं सोडलं, संघ गेला. त्याच्यावरून भांडायला गावात कुणी नाही, कारण खेळलेला सामनाच कुणाला आठवत नाही.

टी-शर्ट तेवढे टिकले. कॅप्टननं आपला ज्वारीतल्या बुजगावण्याला घातलाय. काल तो कुरकुरत होता, "पाखरं लय यायलीत, बुजगावण्याला भीतच न्हाईत."

मी म्हणालो, "तो शर्ट काढ आधी. हा काही करत न्हाई, हे पाखरांनाबी कळलंय."