मोटारवाले कुंडलिकराव पळू लागले

कोऱ्हाळे बुद्रुकच्या स्टँडजवळ कुंडलिकराव देवकात्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती इथं आणून टाकतो. कुंडलिकराव आतली जळकी तार काढतात, नवी भरतात, वार्निश मारून वाळवतात. आज्याची मेंढरं होती, बापानं ती विकून शेती धरली, आणि कुंडलिकरावांनी बारक्यापणी शेतातली मोटार उघडून बघितली ती कायमचीच. त्यांनी भरलेली मोटार चार-पाच उन्हाळे सहज काढते. त्यांच्यात खोट एकच, सांगितलेल्या दिवशी काम देणं त्यांना जमत नाही. "उद्या या," हे ते इतक्या मनापासून सांगतात की ऐकणारा दर वेळी खरोखरच उद्या येतो.

दोन वर्षांमागं, एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलं. कुंडलिकराव पहाटे उठून कालव्याच्या रस्त्यानं चालू लागले आणि पहिल्याच आठवड्यात अडकले. कारण नेमक्या त्याच वेळी अर्धा गाव त्या रस्त्यानं डेअरीला दूध घालायला जातो, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या मोटारी दुकानात पडलेल्या. दुकानात असताना मागच्या खोलीत तरी जाता येई. इथं एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस. एका सकाळी तिघांनी मिळून घेरलं, तेव्हा पाऊण तासातला अर्धा तास खुलासे देण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी समोरून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल दिसली आणि कुंडलिकराव पळाले. दूधवाल्याला वाटलं, डॉक्टरांनी आता पळायला सांगितलं असणार. मध्येच थांबवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यानं नुसता हात केला आणि तो पुढं गेला.

मग काय, रोजचंच झालं. आधी विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत, मग फाट्यापर्यंत. वर्षाच्या आत कुंडलिकराव वडगाव निंबाळकरपर्यंत पळत जाऊन पळत परत येऊ लागले. साखर उतरली. त्यांच्या बायकोला, सिंधुबाईंना, याचं कौतुक होतं आणि थोडी लाजही. अर्ध्या चड्डीत गावातून पळू नका, एवढीच त्यांची अट, म्हणून कुंडलिकराव पायजम्याची नाडी आवळून पळत.

बारामतीला कॉलेजात शिकणारी त्यांची लेक प्रगती एक दिवस ट्रॅकपँट आणि छातीवर लावायचा नंबर घेऊन आली. डिसेंबरातल्या एका रविवारी बारामतीत अर्धमॅरेथॉन होती आणि तिनं परस्पर वडलांचं नाव दिलं होतं. एकवीस किलोमीटर, तीन तासांच्या आत. तीन तासांनंतर येणाऱ्याला पदक नाही.

कुंडलिकरावांना मार्ग कळला तो आदल्या दिवशी. बारामतीतून इंदापूर रस्त्यानं पिंपळीच्या पुढं जायचं आणि वळून परत. पिंपळीचं नाव ऐकताच त्यांनी दुसरा रस्ता नाही का, असं प्रगतीला विचारलं. तिथं विजयसिंह राहत होते आणि त्यांच्या पेरूच्या बागेची मोटार सोळा दिवस दुकानात पडून होती. विजयसिंह भांडले असते तर एक वेळ चाललं असतं. पण तो माणूस दुकानात येऊन नुसता बसे, चहा घेई, मोटारीकडं एकदा बघे आणि उठून जाई.

रविवारी धुक्यातच शर्यत सुटली. भोवती सगळी तरणी पोरं, मनगटावर घड्याळं. कुंडलिकराव आपल्या कालव्यावरच्या चालीनं निघाले आणि सात किलोमीटर सुखानं गेले. पिंपळीजवळ पाण्याचं टेबल लावलं होतं आणि टेबलामागं अर्धी अर्धी केळी वाटत विजयसिंहच उभे होते. कुंडलिकरावांनी टोपी खाली ओढली आणि एका उंच गड्याच्या आडोशाला गेले. गडी पाणी प्यायला थांबला. उघड्यावर पडलेले कुंडलिकराव मान फिरवून रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं सुसाट निघून गेले. सुटलो, असं त्यांना वाटलं. साडेदहा किलोमीटरच्या खुणेला वळसा घालताना लक्षात आलं की याच रस्त्यानं माघारी जायचंय.

परत येताना विजयसिंह रस्त्याच्या मधोमध उभे होते.

"कुंडलिकराव, केळं घ्या."

कुंडलिकरावांनी न थांबता केळं घेतलं आणि सवयीनं त्यांच्या तोंडातून गेलं, "उद्या देतो."

आणि ते तसेच पुढं पळाले. पण त्या सुसाट पळण्याचं बिल पोटरीनं शे-दीडशे पावलांवर मांडलं. अशी चमक भरली की कुंडलिकराव कडेच्या मातीतच बसले. मागून चपला वाजवत विजयसिंह आले. त्यांनी कुंडलिकरावांचा बूट काढला, पाऊल हातात धरून बोटं मागं दाबली आणि मिठाचं पाणी पाजलं. पाच-सात मिनिटांनी पाय सैल झाला.

"बोला की काय बोलायचं ते," कुंडलिकराव म्हणाले.

"मोटारीचं न्हाय बोलत मी आत्ता. तुमी पळा आधी."

आणि ते स्वतः चपलांवरच शेजारून पळू लागले, हातात पाण्याची बाटली घेऊन. कुंडलिकरावांनीच न राहवून बागेचं विचारलं. पेरूला लिंबाएवढं फळ धरलंय, शेजाऱ्याच्या विहिरीवरनं पाईप आणून निम्मी बाग कशीबशी भिजवतोय, निम्म्या बागेतली फळं गळायला लागलीत, असं विजयसिंहांनी सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती, हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं. किलोमीटरभर साथ देऊन ते माघारी फिरले. उरलेल्या रस्त्यावर कुंडलिकरावांना पोटरीपेक्षा ती लिंबाएवढी फळंच जास्त बोचत होती.

ते पोचले तेव्हा घड्याळात तीन तास तीन मिनिटं झाली होती. पदकांचं खोकं नुकतंच बांधलं होतं. प्रगती टेबलावरच्या माणसाशी वाद घालू लागली. वाटेत पाय धरला होता, तीन मिनिटांनी काय होतंय, असं तिचं म्हणणं. कुंडलिकरावांनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"मी माणसांना सोळा-सोळा दिवस थांबवतो. ही माणसं माझ्यापायी तीन मिनिटं थांबली न्हायत, त्यात त्यांचं काय चुकलं?"

घरी सिंधुबाईंनी गरम पाणी काढून ठेवलं होतं. कुंडलिकराव अंघोळ करून, जेवून, दुकान उघडून बसले. रविवारी दुकान उघडं बघून दोन माणसं नुसती बघायलाच आत आली. अंधार पडायच्या आत विजयसिंहांची मोटार भरून झाली आणि वार्निश लावून रात्रभर वाळायला ठेवली.

सोमवारी टेम्पोत मोटार घालून ते पिंपळीला गेले. पण विहिरीच्या पायऱ्या उतरायला पहिलं पाऊल टाकलं आणि मांड्यांनी साफ नकार दिला. माणसांनी मोटार दोरानं खालच्या कट्ट्यावर सोडली. मागोमाग कुंडलिकराव लहान पोरासारखे बूड टेकत एकेक पायरी खाली सरकले. विजयसिंहांनी सभ्यपणे तोंड बागेकडं फिरवलं.

मोटार पहिल्या दमात चालू झाली. पाटात पाणी धावलं तसे कुंडलिकराव वर येऊन त्यात दोन्ही पाय सोडून बसले. विजयसिंह शेजारी टेकले. 

"एकवीस किलोमीटर म्हंजी कसं वाटतं वो?" विजयसिंहांनी विचारलं.

"चौदापतोर बरं वाटतंय."

"आन् म्होरं?"

"म्होरं, आपुन कशापायी आलो आसं वाटतंय." कुंडलिकरावांनी पोटरी चोळली. "पुढच्या डिसेंबरात परत हाय."